भाड्याने द्यायचं पडकं घर: घरच्यांनी मिळून दुरुस्त करायचं की ठेकेदाराला द्यायचं?

जुना भाडेकरू गेल्यावर रिकामं घर उघडलं, की पहिल्या पाच मिनिटांतच कोणीतरी म्हणतं, "ठेकेदार कशाला? आपण सगळे मिळून करू." आमच्याकडे हे दादा म्हणाला होता. त्या घराची दुरुस्ती आम्ही दोनदा केली. पहिल्यांदा सगळी कामं घरच्यांनी केली आणि दुसऱ्यांदा ती घरचे आणि कारागीर यांच्यात वाटून दिली. तुम्ही हा निर्णय घेण्याच्या बेतात असाल, तर दोन्ही बाजू मांडून दाखवतो.

आधी पैशाचं बघू. ठेकेदाराकडून सामान आणि मजुरी वेगवेगळी लिहिलेलं अंदाजपत्रक घ्या. सामान दोन्हीकडे लागणारच, त्यामुळे वाचणार ती फक्त मजुरी. त्यातून घर जितके महिने जास्त रिकामं राहील, तितक्या महिन्यांचं भाडं वजा करा. शनिवार-रविवारी जमून काम करणाऱ्या कुटुंबाला कारागिरांच्या दहा दिवसांच्या कामाला सहज दोन-अडीच महिने लागतात. आम्ही हा हिशेब पहिल्यांदा केलाच नव्हता. वहिनीने नंतर वहीत मांडला, तेव्हा बचत निम्म्याहून कमी भरली.

वेळेच्या बाबतीत मात्र घरच्यांची एक बाजू भक्कम आहे. नव्या गिलाव्याला निदान सात दिवस पाणी मारावं लागतं आणि तो रंगवण्याआधी साधारण २८ दिवस वाळू द्यावा लागतो. ठेकेदारालाही हे माहीत असतं, पण त्याचं पुढचं काम खोळंबलेलं असतं. आपल्याला तशी घाई नसते. खरवडण्याचंही तेच. रंगाचं आयुष्य शेवटच्या हातावर कमी आणि खालच्या तयारीवर जास्त ठरतं. आई आणि माझी मुलगी एका भिंतीवर दोन दिवस बसल्या होत्या. पिवळ्याखाली पोपटी, पोपटीखाली निळा आणि सगळ्यात खाली चुना. चुन्याची भुकटी हाताला लागायची थांबली, तेव्हाच त्यांनी प्रायमरचा डबा उघडू दिला. रोजंदारीवरच्या माणसाकडून इतकी चिकाटी क्वचितच मिळते. ती भिंत आजही तशीच आहे. (दारं-खिडक्यांवरच्या जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं. तो कोरडा घासू नका, ओला करून घासा आणि त्या वेळी मुलांना तिथे थांबू देऊ नका.)

आता जिथे आम्ही फसलो ते सांगतो. मागच्या खोलीत जमिनीपासून दोन फुटांपर्यंत ओल होती. बाबांनी पोपडे काढले, आम्ही लांबी (पुट्टी) भरली, वर दोन हात रंग दिला. फोटोत खोली सुंदर दिसत होती. पहिल्या पावसाळ्याची वाटही बघावी लागली नाही, तिसऱ्याच महिन्यात रंगाला फुगे आले आणि भिंतीवर पांढरा क्षार फुलला. पलीकडे न्हाणीघर होतं, फरशीचे सांधे उघडे पडले होते आणि रोजचं पाणी भिंतीत उतरत होतं. नव्या भाडेकरूंनी कपाट भिंतीपासून सरकवलं तेव्हा मागचे कपडे बुरसटलेले होते. ते रागावले नाहीत, पण आम्हाला फार वाईट वाटलं.

तेव्हापासून मी कामं अवघड आणि सोपी अशी वाटत नाही. चूक झाली तर ती दिसेल की गाडली जाईल, एवढंच विचारतो. रंग, घासकाम, बिजागऱ्या, कडी-कोयंडे, खिडकीच्या जाळ्या यांतल्या चुका डोळ्यांना दिसतात आणि पुन्हा करता येतात. न्हाणीघराचं वॉटरप्रूफिंग, भिंतीतले पाइप आणि वायरिंग यांतल्या चुका फरशीखाली झाकल्या जातात आणि त्या भोगतो तो तिथे राहणारा माणूस. विजेच्या कामात तर चर्चाच नको. परवानाधारक वायरमनच हवा. त्याच्याकडून अर्थिंग तपासून घ्या आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळायला लागला की वीज आपोआप तोडणारा स्विच) बसवून घ्या. दादाला वायरिंग येतं, पण घर दुसऱ्याच्या मुलाबाळांसाठी असताना तेवढ्यावर भागत नाही.

ओल कुठून येते ते मात्र कारागीर बोलावण्याआधी घरच्या घरी बघता येतं. जाड प्लास्टिकचा हातभर लांब-रुंद तुकडा भिंतीवर चारही बाजूंनी चिकटपट्टीने हवाबंद लावा आणि दोन दिवस तसाच राहू द्या. थेंब भिंतीकडच्या बाजूला जमले तर पाणी भिंतीतून येतंय. खोलीकडच्या बाजूला जमले तर हवाच दमट आहे, तिथे आधी वारा खेळता करा. पाइपमधल्या गळतीसाठी सगळे नळ बंद करून पाण्याचं मीटर बघा. काटा फिरत असेल तर कुठेतरी गळतंय.

नात्यांचा भाग कोणी अंदाजपत्रकात धरत नाही. ठेकेदाराशी बिलावरून खटका उडतो आणि तिथे संपतो. भावाभावांत "तू तीन रविवार आलाच नाहीस" हे वाक्य पुढची कित्येक वर्षं टिकतं. म्हणून अंगमेहनत आणि पैसे यांची वाटणी आधी ठरवा, आणि शेवटचा शब्द कोणाचा तेही. दुसऱ्यांदा आम्ही तो वहिनीला दिला, कारण हिशेबाची वही तिच्याकडे होती. वाद झाले, पण काम अडलं नाही. आणि एक फायदा ठेकेदाराकडून विकत मिळत नाही: मुख्य व्हॉल्व्ह कुठे आणि पाइप कुठून गेलाय, हे आज आमच्यातल्या प्रत्येकाला माहीत आहे. सगळं काम बाहेर दिलंत, तर भिंत बुजवण्याआधी पाइपांचे फोटो तरी काढून ठेवा.

तुम्ही स्वतःच भाडेकरू असाल आणि घर राहण्याजोगं करून घेत असाल, तर मालकाची लेखी परवानगी आणि खर्च भाड्यातून कसा वळता होणार ते कागदावर आल्याशिवाय खिळाही ठोकू नका.

घरात वेळ असलेली दोन-तीन माणसं असतील आणि ओल, वीज, छत ठीक असेल, तर खुशाल स्वतः करा. सगळे नोकरीवाले असाल आणि घर लवकर भाड्याने जाणार असेल, तर सगळं ठेकेदाराला द्या. पैसे मात्र कामाच्या टप्प्यांनुसार द्या. बहुतेकांसाठी मी वाटून देण्याचाच सल्ला देईन.

दुसऱ्यांदा न्हाणीघर गवंड्याने केलं. वॉटरप्रूफिंग झाल्यावर, फरशी बसवण्याआधी, आम्ही जाळी बंद करून दोन इंच पाणी भरलं आणि बाबांनी पाण्याच्या पातळीला पेन्सिलने रेघ मारली. चोवीस तासांनी सगळे त्या दारात वाकून उभे होतो. पाणी रेघेलाच टेकलेलं होतं आणि मागच्या खोलीची भिंत हाताला कोरडी लागत होती. रंगाचं सामान आम्ही त्यानंतर आणलं.