नवी पेठेतनं घेतलेली एचडीएमआय कॅप्चर स्टिक आणि व्हीजीए कन्व्हर्टर: जुन्या डॉस गेमला चालतंय का?

जोडणी अशी: डॉस म्हणजे विंडोजच्या आधीची सिस्टीम, त्या जुन्या पीसीच्या व्हीजीए (जुन्या मॉनिटरच्या) पिनेतनं निघालेलं चित्र कन्व्हर्टर एचडीएमआय करतो, आणि स्टिक ते यूएसबीतनं दुसऱ्या पीसीला रेकॉर्डिंगसाठी देते. आधीच सांगून टाकतो, स्टिकला पाचपैकी साडेतीन आणि कन्व्हर्टरला दोन, त्यातला एक आवाजाची पिन दिलीय म्हणून. दोन्ही मिळून दीड हजाराच्या आत बसलं. कंपनी विचारू नका, बॉक्सवर मोठ्या अक्षरात '४के' सोडून काहीच नाहीये, आणि ते ४के म्हणजे तेवढा सिग्नल ती आत घेते, बाहेर मात्र १०८०पी देते, तेही सेकंदाला ३० फ्रेम. यूएसबीच्या तोंडात निळं प्लास्टिक आहे म्हणून ३.० समजू नका बे, आतनं २.०च आहे. २.० ची लाईन सेकंदाला ४८० मेगाबिटची आणि १०८०पी ३० चा कच्चा व्हिडिओ त्याच्या दुप्पट होतो, त्यामुळं स्टिक प्रत्येक फ्रेम जेपीजी फोटोसारखी दाबूनच पाठवते. मग लाल रंगाच्या कडा फुटल्यासारख्या दिसतात. त्यापेक्षा ओबीएसमध्ये (रेकॉर्डिंगचं फुकट सॉफ्टवेअर) ७२०पी ६० फ्रेम निवडा, गेमला तेच बरं पडतंय.

माझ्याकडं मामाच्या ऑफिसातनं निघालेला पेंटियम आहे, डॉस ६.२२ टाकलेला, त्यावर प्रिन्स (प्रिन्स ऑफ पर्शिया) आणि दोन-चार पिनबॉलचे गेम. आता लोक विचारणार की एवढी उठाठेव कशाला, डॉसबॉक्समध्ये, म्हणजे आजच्या पीसीवर डॉसचे गेम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, कंट्रोल ऑल्ट एफ५ दाबलं की रेकॉर्डिंग सुरू होतंय, तेही क्वालिटी अजिबात न जाता. खरंय. नुसता गेमप्ले पाहिजे असेल तर तेच करा आणि दीड हजाराची पार्टी करा. पण खऱ्या मशीनचा बूट, साऊंड ब्लास्टर कार्डचा तो खरखरीत आवाज, गेम जिथं स्लो होतो तिथं होणं, हे सगळं जसंच्या तसं पाहिजे असेल तर वायरी जोडाव्याच लागतात.

आणि खरी गोम स्टिकमध्ये नाही, मधल्या कन्व्हर्टरमध्ये आहे. डॉसचे बहुतेक व्हीजीए गेम ३२० बाय २०० चे, कार्ड प्रत्येक ओळ दोनदा काढून ४०० ओळी करतंय आणि सेकंदाला ७० वेळा चित्र पाठवतंय. कन्व्हर्टर त्याचं ६० करतो, म्हणजे सेकंदाला दहा चित्रं सरळ गायब. प्रिन्समध्ये कळतसुद्धा नाही कारण तो पळतोच सावकाश, पण पिनबॉलमध्ये टेबल वर सरकायला लागलं की असे गचके बसतात की बघवत नाही. दुसरं म्हणजे डॉसची काळी टेक्स्ट स्क्रीन ७२० पिक्सेल रुंद आणि गेम ६४० चा, पण केबलमधनं दोन्हीचं टायमिंग सारखंच येतंय, त्यामुळं कन्व्हर्टरला फरकच कळत नाही आणि तो गेमलाही ७२० समजून बसतो. मग झूम करून बघा, विटांच्या भिंतीत एक वीट जाड, पुढची बारीक, परत जाड. एकदा नजरेत आलं की मग तेच दिसत राहतंय. वर टेक्स्ट स्क्रीनवरनं गेममध्ये जाताना मोड बदलला की दोन-तीन सेकंद स्क्रीन काळी, म्हणजे गेमचं सुरुवातीचं टायटल रेकॉर्डमध्ये येतच नाही.

चित्राचा आकार मात्र आपल्या हातात आहे. ३२० बाय २०० जुन्या मॉनिटरवर चारास तीनमध्ये ताणलेलं असायचं, त्यामुळं ओबीएसमध्ये कॅनव्हास १६०० बाय १२०० ठेवा, आडवं पाचपट उभं सहापट बरोबर बसतं, स्केल फिल्टरिंग पॉइंट करा. यूट्यूबवर कितीतरी जण तसंच सोळास नऊमध्ये ताणून टाकतात आणि प्रिन्स आडवा सुटलेला दिसतोय.

मेहुण्याकडं डीबी स्पेक्ट्रम प्लस हा टीव्हीला जोडायचा जुना कॉम्प्युटर आहे, तोच डेसिबेल्स कंपनीवाल्यांचा, १९८० च्या दशकात भारतात विकायला होता तो. त्याच्यासाठी त्याच दुकानातनं एव्ही टू यूएसबी वाली पिवळ्या पिनेची स्टिक आणली. ती घेऊ नका. म्हणजे घेतली तरी आहे तशी वापरू नका. टीव्हीचं चित्र ६२५ ओळींचं, अर्ध्या-अर्ध्या ओळी आळीपाळीनं येतात, पण स्पेक्ट्रम दर वेळी ३१२ ओळींचं पूर्ण चित्र पाठवतो, सेकंदाला ५० वेळा. स्टिक समजते की ही दोन अर्धी चित्रं आहेत आणि ती एकमेकांत विणते, त्यामुळं हलणारा माणूस कंगव्याच्या दातांसारखा फाटतो, आणि एकाआड एक फ्रेमला लुकलुकणारी वस्तू चक्क अर्धपारदर्शक दिसते. ओबीएसमध्ये सोर्सवर राइट क्लिक करून डीइंटरलेसिंगमध्ये 'रेट्रो' निवडा, लई फरक पडतो. बाकी रंग एकमेकांत उतरतात ते कंपोझिटचंच, म्हणजे सगळं चित्र एकाच पिवळ्या वायरीतनं येण्याचं, दुखणं आहे, त्याला स्टिक काय करणार.

आवाजाचं म्हणाल तर साऊंड कार्डची लाईन आऊट कन्व्हर्टरच्या पिनेत घातली की झालं. पीसी स्पीकरचा टुकटुक मात्र त्यात येत नाही, तो कॅबिनेटमधल्या स्पीकरलाच जातो. सुरुवातीला लई गुणगुण यायची, जुना पीसी आणि रेकॉर्डिंगचा पीसी एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर घेतले, थांबली.

एक गोष्ट आपल्याकडच्या लोकांनी लक्षात ठेवा, साध्या एमपी४ मध्ये रेकॉर्ड करू नका. लाईट गेली की अख्खी फाईल बाद. एमकेव्ही ठेवा, तिथपर्यंतचं तरी वाचतं, नंतर ओबीएसच्याच रीमक्सनं (फाईलचा नुसता प्रकार बदलतो) एमपी४ करून घ्या. आणि एप्रिल-मेत स्टिक हाताला चटका बसेल इतकी तापते, मी छोटी यूएसबी केबल लावून ती पीसीपासनं लांब फॅनखाली ठेवतो.

पैसे असतील तर ते स्टिकवर घालू नका, मधल्या डबीवर घाला. ओएसएससी म्हणून एक कन्व्हर्टर येतो, त्यात व्हीजीए थेट लागतं आणि चित्र कसं वाचायचं ते आपण सेट करू शकतो, पण कंपोझिट त्यात चालत नाही आणि ७० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ती ७० चित्रं, तसंच बाहेर येतं, ते घेणारं कॅप्चर कार्ड वेगळं बघावं लागतं. बाहेरनं मागवायचं म्हणजे कस्टम ड्युटी वर. सध्या मी याच जोडीवर प्रिन्स रेकॉर्ड करतोय आणि पिनबॉल बाजूला ठेवलंय. दुकानात बिल मागून घ्या, मागितल्याशिवाय देत नाहीत, आणि बिल नसेल तर बदलूनही देत नाहीत.