घरचा ड्रायव्हिंग सिम्युलेटर आणि माझी ऑटिस्टिक लेक : बऱ्याच महिन्यांच्या वापरानंतर

आधी निकाल सांगते. हात-पाय बसायला सिम्युलेटर उत्तम आहे, पण रस्ता वाचायला शिकवायला तो अपुरा पडतो. आमचं खरं काम झालं ते डॅशकॅमच्या (गाडीत बसवलेल्या, समोरचा रस्ता टिपणाऱ्या कॅमेऱ्याच्या) व्हिडिओंवर आणि मोठ्याने बोलत गाडी चालवण्याच्या सवयीवर. घरातल्या ऑटिस्टिक मुलाला किंवा मुलीला गाडी शिकायची असेल, तर वेळ आणि पैसा कुठे घालायचा हे ठरवायला उपयोग व्हावा म्हणून सविस्तर लिहिते आहे.

माझी लेक विशीतली आहे. गाडी शिकायचा आग्रह तिचाच होता. बसमधला धक्का, गोंगाट, ऐनवेळी बदलणारं वेळापत्रक यांनी ती कामावर पोहोचायच्या आधीच थकून जाते. स्वतःच्या गाडीत आवाज किती, काच उघडी की बंद, निघायचं कधी, हे सगळं तिच्या हातात राहतं.

आम्ही घेतला तो सिम्युलेटर म्हणजे टेबलाला अडकवायचं स्टिअरिंग, पायाखाली पेडल, समोर मोठा स्क्रीन. सुरुवातीला त्याने फार मोठी मदत केली. न बघता पाय ब्रेकवर जाणं, स्टिअरिंग किती फिरवलं की गाडी किती वळते, वळणाआधी आरसा, मग इंडिकेटर, मग वेग कमी, हा क्रम तिच्या अंगवळणी पडला. एकच चौक तिला हवा तितक्या वेळा घेता येत होता आणि शेजारी बसून सुस्कारे सोडणारं कुणी नव्हतं. अमेरिकेत व्हर्जिनिया विद्यापीठाच्या संशोधकांनीही ऑटिस्टिक तरुणांना असा सराव देऊन पाहिला, तेव्हा त्यांचं चालवणं सुधारलेलं दिसलं होतं. त्यामुळे या भागाला माझ्याकडून पूर्ण गुण.

उणीव नंतर कळली. सिम्युलेटरवरचे तिचे गुण झपाट्याने वाढायला लागले आणि आम्ही खूश झालो. एकदा मी शेजारी बसून नीट पाहिलं, तर स्क्रीनवर रस्ता ओलांडणारा माणूस दिसायच्या आधीच तिचा पाय ब्रेकवर होता. विचारलं, "तुला कसं कळलं?" ती म्हणाली, "आई, निळी व्हॅन गेली की तिसऱ्या खांबामागून तो येतोच." तिने अख्खा प्रोग्रॅम पाठ केला होता. स्मरणशक्ती दांडगी असलेल्या मुलांच्या बाबतीत हे हमखास होणार. म्हणून सिम्युलेटर घेताना एकच गोष्ट आधी तपासा : प्रसंग दर वेळी बदलतात का? चित्रं किती सुबक आहेत याला दुय्यम महत्त्व द्या. शिवाय काहींना स्क्रीनसमोर मळमळतं, तेव्हा विकत घेण्याआधी कुठेतरी बसून बघा.

प्रसंग बदलते असले तरी एक अडचण उरतेच. सिम्युलेटरमधली माणसं माणसांसारखी वागत नाहीत. रस्ता ओलांडू की नको म्हणून घुटमळणारा, हात हलवून "जा पुढे" सांगणारा, मित्राशी बोलता बोलता फुटपाथवरून खाली उतरणारा, असं त्यात कुणी नसतं. आणि नेमकं तिथेच शिकवावं लागतं. ब्रिटनमधल्या २०१० च्या एका अभ्यासात रस्त्यावरचे व्हिडिओ दाखवून धोके ओळखायला सांगितले होते. ज्या धोक्यात माणूस दिसत होता, ते ऑटिस्टिक मुलांच्या नजरेतून जास्त निसटले. नुसत्या वाहनांच्या धोक्यांत तसा फरक नव्हता. माझ्या लेकीचंही अगदी तसंच होतं.

यावरचा उपाय आमच्या ट्रेनर सरांनी दिला आणि या सगळ्या महिन्यांतली सर्वात मोलाची गोष्ट तीच. चेहऱ्यावरून मनातलं ओळख, असं तिला सांगायचंच नाही. त्याऐवजी डोळ्यांना दिसेल अशी खूण द्यायची. कडेला उभ्या गाडीची पुढची चाकं रस्त्याकडे वळली आहेत का? मागचा पांढरा दिवा लागला का? आत ड्रायव्हरच्या सीटवर कुणी आहे का? पादचाऱ्याचं पाऊल कुठे रोखलंय, मान कुठे वळलीये, कानाला फोन आहे का? उभ्या ट्रकच्या खालून पलीकडचे पाय दिसतात का? खुणा अशा सांगितल्यावर तिची बारीकसारीक टिपणारी नजर कामाला लागली. आता कित्येकदा ती मला न दिसलेलं दाखवते.

या खुणांचा सराव आम्ही डॅशकॅमच्या व्हिडिओंवर केला. व्हिडिओ मध्येच थांबवायचा आणि विचारायचं, "आता काय होऊ शकतं?" तिने दोन शक्यता सांगायच्या, मग पुढे बघायचं. ब्रिटनमध्ये परवान्याच्या लेखी परीक्षेला जोडून धोका ओळखण्याची व्हिडिओ चाचणी २००२ पासून आहे, त्याच धर्तीवर. मग हेच प्रत्यक्ष गाडीत, तोंडाने बोलत : "समोर बस थांबलीये, दार उघडं, कुणी पुढून येईल, वेग कमी करते." ती गप्प झाली की सरांना कळतं, डोक्यावर भार वाढला; तेव्हा ते सूचना थांबवतात. काही मुलांना मात्र बोलणं आणि चालवणं एकदम झेपत नाही. त्यांच्यासाठी शेजारच्याने बोलावं आणि त्यांनी नुसतं ऐकावं.

गाडी ऑटोमॅटिकच घ्या, हे माझं स्पष्ट मत. क्लच आणि गिअरमध्ये जाणारं लक्ष रस्त्याला मिळतं. शिकवणाऱ्याच्या पायाशी वेगळा ब्रेक असलेली ड्युअल कंट्रोल गाडी असेल तर दोघंही शांत राहतात. ट्रेनर निवडताना त्याची सूचना द्यायची पद्धत बघा. "जरा सांभाळून" याने काही कळत नाही. "पुढच्या सिग्नलनंतरचं पहिलं वळण डावीकडे" हे कळतं, आणि तेही वळणाच्या पुरेसं आधी सांगितलं तर. आधीच्या ट्रेनरकडे आवाज चढायचा. तो चढला की लेकीचे हात गोठायचे. ते आम्ही लगेच थांबवलं.

बाकी बारीक गोष्टी पटकन : उन्हाच्या तिरिपेसाठी गॉगल, रेडिओ आणि फोन बंद, सत्र छोटं आणि नंतर कुणी काही विचारायचं नाही. गाडीत एक छापील कार्ड ठेवलंय : अपघात झाला किंवा पोलिसांनी थांबवलं तर काय करायचं, काय बोलायचं, क्रमाने. त्याची घरी तालीमही करतो. रस्ता बंद असला तर ती पूर्वी हादरून जायची; आता ठरलेल्या वाटेला दुसरी वाट आधीच काढून ठेवते.

नातेवाईक काळजीने विचारतात, "हे सुरक्षित आहे का?" फिलाडेल्फियाच्या चिल्ड्रन्स हॉस्पिटलच्या संशोधकांनी न्यू जर्सी राज्यातल्या नोंदी तपासल्या आहेत. २०१७ च्या अभ्यासात बौद्धिक अक्षमता नसलेल्या ऑटिस्टिक तरुणांपैकी साधारण एक तृतीयांश जणांनी २१ व्या वर्षापर्यंत परवाना मिळवलेला दिसला. २०२१ च्या अभ्यासात त्यांच्या अपघातांचं प्रमाण इतर तरुणांइतकंच किंवा किंचित कमी निघालं. भरधाव वेगामुळे होणारे अपघात बरेच कमी होते. समोरून येणाऱ्या वाहतुकीला छेदून वळताना किंवा यू-टर्न घेताना होणारे मात्र जास्त. आम्ही हे वाचून सरावाची वाटणीच बदलली. सरळ रस्त्यावरचा वेळ कमी केला आणि वळण घेताना समोरची फट पुरेशी आहे की नाही, यावर आठवडेच्या आठवडे घालवले. फट पुरत नसेल तर थांबायचं, मागचा कितीही हॉर्न वाजवो, हा नियम तिने पक्का धरलाय. नियम पाळायला तिला कधी सांगावंच लागलं नाही. इतरांनी मोडला की तिला त्रास होतो, त्यावर अजून काम चाललंय.

सगळ्यांनी शिकावंच असं मी म्हणणार नाही. ऑटिझमसोबत फिट्स येण्याचं प्रमाण जास्त असतं, तेव्हा आधी डॉक्टरांशी बोला. शक्य असेल तर ड्रायव्हिंगचं मूल्यमापन करणाऱ्या ऑक्युपेशनल थेरपिस्टला (रोजची कामं जमावीत म्हणून मदत करणाऱ्या तज्ज्ञाला) भेटा. आणि मुलालाच नको असेल तर विषय तिथेच सोडा.

लेकीला परवाना मिळालाय. कामावर जायची ठरलेली वाट ती एकटी चालवते. रात्री आणि जोराच्या पावसात अजून मी किंवा तिचे बाबा शेजारी असतो. सिम्युलेटर आम्ही विकलेला नाही. वाहत्या महामार्गावर लेनमध्ये शिरण्याचा सराव सध्या त्यावरच चालू आहे, कारण ते पुन्हापुन्हा करायला रस्त्यावर जागा मिळत नाही.