ब्लूज ज्युनियर का व्हॉक्स एसी१५? ट्यूबा सेम, आवाज लई वेगळा

सांगलीत दोन ट्यूब अ‍ॅम्प (काचेच्या व्हॉल्व्हवर चालणारे गिटारचे अ‍ॅम्प्लिफायर) शेजारी ठेवून वाजवायला मिळणं अवघडच. वाद्यांसाठी आपलं मिरज नावाजलेलं, तिथल्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये जीआय टॅगपण मिळाला, पण गिटारचा अ‍ॅम्प मागितला की पुढ्यात येतो तो सॉलिड स्टेटचा, म्हणजे ट्रान्झिस्टरवाला, छोटा डबा. बँडमधल्या दोघांकडं फेंडर ब्लूज ज्युनियर फोर आणि व्हॉक्स एसी१५सी१ आहेत, मग काय, दोन्ही कुपवाडच्या गाळ्यात आणले आणि दुपारभर वाजवले.

कागदावर बघितलं तर जुळे भाऊच. १५ वॅट, दोन ईएल८४ (स्पीकरला ताकद देणाऱ्या पॉवर ट्यूबा), तीन १२एएक्स७ (त्याआधीच्या टप्प्यातल्या छोट्या ट्यूबा), एक १२ इंची स्पीकर, स्प्रिंग रिव्हर्ब (स्प्रिंगमधनं येणारा घुमारा). एका दुकानदारानं तर मला ठणकावून सांगितलं होतं की पॉवर ट्यूब एकच आहे म्हणजे आवाज एकच, जो स्वस्त मिळेल तो उचला. हे काय पटलं नाही आणि आता तर अजिबातच पटत नाही.

दर वेळी दोन्हीला तीच गिटार, तीच केबल, आणि मोबाईलच्या अ‍ॅपवर डेसिबल बघून दोन्हीचा आवाज सारखा केला. हे नाही केलं तर जो जरा मोठा वाजतो तोच कानाला भारी वाटतो, सगळी तुलना पाण्यात.

पहिल्यांदा सिंगल कॉइलवाली (तारांचा आवाज उचलणारा पिकअप एका कॉइलचा) गिटार लावली. ब्लूज ज्युनियरचा क्लीन, म्हणजे न फाटलेला आवाज गोल, मऊ, खालचे सूर भरलेले, गाण्यामागं नुसतं आर्पेजिओ (कॉर्डचे सूर एकेक करून) वाजवत बसायचं असेल तर कितीही वाजवलं तरी मन भरत नाही. फॅट बटण दाबलं की मिड (मधले सूर) वर येतो, सोलोला चांगलं, कॉर्डला जरा कोंदट. व्हॉक्सच्या टॉप बूस्ट (दोनपैकी उजळ) चॅनलवर ओपन ए मेजर कॉर्ड मारला तर प्रत्येक तार सुटी ऐकू आली, वरच्या तारांना ती घंटीसारखी किणकिण, आणि जोरात मारलं की आवाज आधी दबतो मग फुलून वर येतो. हळू मारा, क्लीन. जोरात मारा, कडेकडेनं फाटायला लागतो. पेडल न लावता नुसत्या उजव्या हातावर हे सगळं चाललंय हे बघून आमचा ड्रमर पण काठ्या ठेवून ऐकत बसला, आणि तो कुणाचं ऐकत नाही.

कारण काय, तर व्हॉक्समध्ये पॉवर ट्यूबा कॅथोड बायसवर चालतात (बायस म्हणजे ट्यूबमधनं किती करंट जाणार ते ठरवणारं व्होल्टेज, कॅथोड म्हणजे ट्यूबमधला इलेक्ट्रॉन सोडणारा भाग). जोरात वाजवलं की ट्यूबमधनं करंट वाढतो, कॅथोडचं व्होल्टेज चढतं आणि ट्यूब स्वतःच स्वतःला आवरते, तेच ते दबणं. ब्लूज ज्युनियर फिक्स्ड बायसवर आहे, तिथं हे व्होल्टेज ठरलेलं असतं, त्यामुळं तो जास्त ताठ वाजतो. त्यात टोनचं सर्किट वेगळं, ट्रान्सफॉर्मर वेगळा, स्पीकर पण वेगळे, फेंडरमध्ये सेलेशनचा ए-टाइप आणि व्हॉक्समध्ये सेलेशनचाच ग्रीनबॅक. ट्यूबचं नाव बघून आवाज ओळखणं म्हणजे नुसता अंदाज. स्पीकर अदलाबदल करून बघायची लई इच्छा होती पण इम्पीडन्स (स्पीकरचा ओममधला रोध) जुळल्याशिवाय असले उद्योग करायचे नाहीत, आणि स्पीकर न जोडता ट्यूब अ‍ॅम्प चालू करायचा तर अजिबातच नाही.

व्हॉक्सचा टोन कट नॉब उलटा चालतो बरं का. वाढवाल तसा ट्रेबल कमी होतो. नवीन माणूस आवाज टोचतोय म्हणून तो शून्यावर नेतो आणि मग अजूनच टोचतं. शिवाय टॉप बूस्टला मिडचा नॉबच नाही, ट्रेबल-बास दोन्ही फुल केले तर मधला भाग पोकळ होतो आणि बँडमध्ये तुम्ही गायब. आधी दोन्ही निम्म्यावर ठेवा.

हंबकरवर (दोन कॉइलच्या पिकअपवर) चित्र बदलतं. व्हॉक्सचा नॉर्मल चॅनल गढूळ वाटला, टॉप बूस्ट मात्र झकास. ब्लूज ज्युनियर ठीक, पण डबा लहान असल्याचं लगेच कळतं.

१५ वॅट म्हणून हसू नका, ३० वॅटवाला याच्यापेक्षा फक्त ३ डेसिबल जास्त. विश्रामबागच्या फ्लॅटमध्ये मास्टर व्हॉल्यूम खाली ठेवून वाजवणार असाल तर पॉवर ट्यूबा झोपूनच राहतात आणि वर सांगितलेला निम्मा फरक उरतच नाही, मग कशाला एवढे पैसे घालताय.

वजन: फेंडर १४ किलोच्या आसपास, व्हॉक्स २२. गणपतीत एका रात्रीत दोन मंडळं करणाऱ्यानं ब्लूज ज्युनियरच घ्यावा, स्कूटीवर पुढं मावतो. माझं मत व्हॉक्सलाच, पण तो आणायला चारचाकी आणि एक तगडा मित्र लागतो.

अमेरिकेतनं कुणी आणणार असेल तर तो १२० व्होल्टचा असतो, आपल्या २३० वर सरळ लावला की संपला. ट्यूब बदलताना दोन्हीत बायसचा स्क्रू फिरवायची भानगड नाही, फक्त मॅच्ड, म्हणजे सारखा करंट घेणाऱ्या ट्यूबांची, जोडी घ्या. जुन्या व्हॉल्व्ह रेडिओत पण ईएल८४ असायची, त्यामुळं रेडिओवाले जुने काका भेटले तर त्यांना ही ट्यूब नवीन नाही. स्वतः मात्र उघडू नका, बंद केल्यावर पण कपॅसिटरमध्ये शेकडो व्होल्ट राहतात. सेकंडहँड घेताना अर्धा तास मोठ्यानं वाजवून बघा, ट्यूबा गरम झाल्यावरच खडखड आणि शिट्ट्या सुरू होतात, आणि विकणारा पाच मिनिटांत आवरा म्हणाला तर सरळ घरी या.