सीएच३४१ए बायोस प्रोग्रॅमर: 'बोर्ड गेला' म्हणून सांगितलेला पीसी परत चालू झाला

आधी निकाल सांगतो, मग बाकीचं. बायोस (चालू होताना कॉम्प्युटर पहिल्यांदा वाचतो तो प्रोग्रॅम) अपडेट करताना बंद पडलेला जुना कॉम्प्युटर कुणाकडं पडून असेल, पंखा फिरतोय, पॉवरचा दिवा लागतोय पण स्क्रीनवर काहीच येत नाही, तर बोर्ड भंगारात घालायच्या आधी हा बोटभर काळा प्रोग्रॅमर, म्हणजे चिपमधे बाहेरनं प्रोग्रॅम लिहायचं यंत्र, जरूर मागवा. क्लिप धरून पाच-सहाशेच्या घरात येतो. पण आल्या आल्या तसाच चिपला लावू नका, त्यात एक मोठी खोट आहे, ती खाली लिहिलीय.

आमच्या मामांचं कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात मशीन शॉप आहे, तिथं चौथ्या पिढीच्या आय५चा एक ब्रँडेड डेस्कटॉप आहे, सेकंडहँड घेतलेला. दिसायला जुनाट, पण मागं खराखुरा नऊ पिनचा सिरियल पोर्ट आहे आणि त्यावरनंच सीएनसीला, म्हणजे कॉम्प्युटरच्या प्रोग्रॅमवर चालणाऱ्या मशीनला, प्रोग्रॅम जातात. मधे लॅपटॉपला यूएसबी टू सिरियल लावून बघितलं होतं, लहान प्रोग्रॅम जायचे पण मोठा असला की मधेच तुटायचा, त्यामुळं हा डबा म्हणजे शॉपचा जीव. वर्षाच्या मेंटेनन्सला येणाऱ्या माणसानं विंडोज साफसूफ करता करता बायोसपण अपडेटला लावला. वळवाचे दिवस, आभाळ भरून आलेलं, यूपीएसची बॅटरी कधीच बसलेली, आणि निम्म्यात लाईट गेली. लाईट आल्यावर बटण दाबलं तर पंखा जोरात आणि स्क्रीन काळी. त्यानं थोडं खालवर करून सांगितलं की बोर्ड गेला, नवीन पीसी घ्या. नवीन पीसी घ्यायचा, वर सिरियल पोर्टचं कार्ड शोधायचं, सगळं सॉफ्टवेअर परत बसवायचं, आणि तोवर काम बंद. मामा म्हणाले, "बघ की लेका काय जमतंय का, जॉब अडकलाय माझा."

तर हे 'बोर्ड गेला' प्रकरण नीट समजून घ्या, कारण कितीतरी चांगली मशीनं याच एका वाक्यामुळं भंगारात जातात. बायोस म्हणजे बोर्डावरच्या आठ पायांच्या एका चिपमधे लिहिलेला प्रोग्रॅम, बाकी काही नाही. या फ्लॅश चिपमधे नवीन लिहायच्या आधी जुनं पुसावं लागतं, पुसलं की तिथं सगळीकडं एफएफ एफएफ, म्हणजे कोरं, होतं आणि मग त्यावर नवीन लिहिलं जातं. पुसून झालं, लिहायचं राहिलं आणि तेवढ्यात लाईट गेली, तर प्रोसेसर चालू झाल्यावर जिथं पहिली सूचना वाचायला जातो तिथनं पुढं त्याला काहीच मिळत नाही. बोर्ड चांगला, प्रोसेसर चांगला, रॅम चांगली, फक्त वाचायला मजकूर नाही. उद्यमनगरात गिअर तुटला म्हणून कुणी लेथ किलोवर विकत नाही, खोलतात आणि गिअर बदलतात, इथंपण तेच करायचं.

प्रोग्रॅमर मागवायच्या आधी फुकटातले उपाय मात्र करून घ्या. वायर काढून पॉवर बटण दाबून धरा, बोर्डावरचा सीआर२०३२ चा गोल सेल थोडा वेळ काढून ठेवा, बऱ्याचदा नुसती सेटिंग बिघडलेली असते आणि एवढ्यावर काम होतं. नाहीतर बऱ्याच कंपन्यांनी बायोसला मागचा दरवाजा ठेवलेला असतो. एचपीच्या बऱ्याच मॉडेलला विंडोजचं बटण आणि बी धरून पॉवर द्यायची, डेलच्या जरा नव्या मॉडेलला कंट्रोल आणि एस्केप धरून, आणि फॅट३२ फॉरमॅट केलेल्या पेन ड्राईव्हवर बायोसची फाईल ठेवलेली पाहिजे. गिगाबाईटच्या बऱ्याच बोर्डांवर दुसरी बायोस चिपच असते, ड्युअल बायोस म्हणतात ते. एमएसआयच्या काही बोर्डांना मागं फ्लॅशचं बटण असतं, तिथं प्रोसेसर नसला तरी चालतं. पण की दाबून होणारी रिकव्हरी चिपमधला अगदी सुरुवातीला चालणारा तुकडा, ज्याला बूट ब्लॉक म्हणतात, तो शाबूत असेल तरच चालते. आमच्या डब्यात तोच धड नव्हता, पेन ड्राईव्हचा दिवासुद्धा लुकलुकला नाही. अशा वेळी बाहेरनं थेट चिपमधे लिहिण्याशिवाय इलाज नाही आणि त्यासाठीच हे यंत्र.

सेटमधे काय येतं ते सांगतो. एका टोकाला यूएसबी आणि दुसऱ्या टोकाला खटका असलेलं हिरवं सॉकेट असा छोटा बोर्ड, आठ दातांची क्लिप आणि तिची वायर, आणि चिप सोल्डर करायला बारक्या हिरव्या पट्ट्या. बोर्डावरची मुख्य आयसी सीएच३४१ए, चीनमधल्या डब्ल्यूसीएच कंपनीची, पण बोर्ड कोण बनवतं ते पाकिटावर काही नाही, बिननावाचाच माल असतो.

आता ती खोट. बायोसच्या बऱ्याचशा चिपा ३.३ व्होल्टवर चालतात, आमची विनबॉन्डची डब्ल्यू२५क्यू१२८ होती, तिला २.७ ते ३.६ व्होल्ट चालतात. या काळ्या बोर्डवर चिपला सप्लाय ३.३ चाच जातो, तिथं रेग्युलेटर (व्होल्टेज कमी करून स्थिर ठेवणारा भाग) आहे, पण मेन आयसीला मात्र यूएसबीचे ५ व्होल्ट दिलेत, त्यामुळं डेटाच्या पिनांवर पाचाच्या आसपास व्होल्टेज निघतं. मी मल्टीमीटर लावला तर खरंच ४.८ दाखवलं. लोक म्हणतात काही होत नाही, बरेच जण तसंच वापरतात आणि चिपा सहनपण करतात, पण मला हे पटत नाही, कारण क्लिप बोर्डावरच्या चिपला लावली की तेच व्होल्टेज मागं चिपसेटलापण (बोर्डावरची मुख्य कंट्रोल चिप) जातं, आणि तो गेला की मग खरंच बोर्ड गेला. उपाय आहे, मेन आयसीचा २८ नंबरचा पाय उचलायचा आणि त्याला ५ च्या ऐवजी रेग्युलेटरचे ३.३ द्यायचे, ९ नंबरच्या पायालापण तेच जोडायचं. सोल्डरिंगचा हात असेल तर पटकन होतं, मी केलं, परत मोजलं, ३.३ आलं, मगच पुढं गेलो. हात नसेल तर थोडे जास्त पैसे घालून व्होल्टेज निवडायचा स्विच असलेला प्रोग्रॅमर मिळतो तो घ्या. आणि काही लॅपटॉपच्या चिपा १.८ व्होल्टच्या असतात, त्यांना ३.३ लावलं तर चिप मरू शकते, म्हणून चिपवरचा नंबर भिंगातनं वाचून डेटाशीट बघितल्याशिवाय वायर जोडायची नाही.

क्लिपला मी दहापैकी चार देईन, तेपण जास्त होतात. दात मऊ, स्प्रिंग ढिली, चिपवर बसवली की हात काढताक्षणी घसरते. वायरची लाल बाजू म्हणजे एक नंबरचा पाय, ती चिपवरच्या बारक्या गोल खड्ड्याच्या बाजूला यायला पाहिजे, उलटी बसली तर सप्लाय आणि ग्राउंडची अदलाबदल होते आणि चिप तापते. पीसीची पॉवरची वायर काढलेली पाहिजे, सेल काढलेला पाहिजे. एवढं करून सॉफ्टवेअरमधे चिपची ओळख वाचली तर कधी एफएफ एफएफ एफएफ, कधी ईएफ ४० १८, जी बरोबर आहे. आणि ओळख बरोबर आली तरी चिप वाचून जी फाईल बनते, तिला डंप म्हणतात, ती दरवेळी वेगळीच. दोन डंप जुळत नसतील तर चिपमधे एक अक्षरसुद्धा लिहायला जाऊ नका. आमच्याकडं कारण असं निघालं की क्लिपमधनं जाणारी पॉवर नुसत्या चिपला न जाता बोर्डावरच्या बाकीच्या भागालापण जात होती आणि हा बारका रेग्युलेटर तेवढं ओढू शकत नव्हता. काही बोर्डांवर क्लिपनं काम होतं, आमच्यावर नाही झालं.

शेवटी बोर्ड घेऊन राजारामपुरीत ओळखीच्या मोबाईल रिपेरिंगवाल्याकडं गेलो. त्यानं आजूबाजूला पिवळी टेप लावली, हॉट एअरनं चिप अलगद उचलली आणि सेटमधल्या हिरव्या पट्टीवर सोल्डर करून दिली, दोनशे रुपये घेतले आणि परत बसवायचेपण त्यातच धरले. पट्टी सॉकेटमधे घालून खटका दाबला आणि मग डंप एकासारखा एक, १,६७,७७,२१६ बाईट, चेकसम, म्हणजे फाईलवरनं काढलेला पडताळणीचा आकडा, तोच. माझं म्हणणं असं की हात असेल किंवा असा माणूस ओळखीचा असेल तर क्लिपच्या नादी लागूच नका, सरळ चिप काढा.

सॉफ्टवेअरसाठी विकणाऱ्यानं दिलेली लिंक मी उघडली नाही, लिनक्सवर फ्लॅशरॉम टाकलं. ते लिहून झाल्यावर परत वाचून स्वतःच तपासतं, म्हणून मला त्याचा भरवसा वाटतो. विंडोजवाले एएसप्रोग्रॅमर वापरतात, तेपण ठीक आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचं, कारण इथंच लोक चुकीचा रस्ता धरतात. नेटवर आपल्या मॉडेलच्या तयार बिन फाईली मिळतात, त्या उचलून तशाच लिहू नका. या चिपमधे नुसता बायोस नसतो. इंटेलच्या मशीनमधे आधी डिस्क्रिप्टर (चिपमधे कुठं काय आहे त्याचा नकाशा), मग मॅनेजमेंट इंजिन (इंटेलचं स्वतःचं आतलं सॉफ्टवेअर), ऑफिसच्या डेस्कटॉपला बऱ्याचदा नेटवर्कचा मॅक ॲड्रेस, म्हणजे ओळख नंबरपण इथंच, मशीनचा सिरियल नंबरपण इथंच, आणि विंडोज ८ नंतरच्या कितीतरी ब्रँडेड मशीनमधे विंडोजची लायसन्स कीसुद्धा. दुसऱ्याची फाईल लिहिली तर मशीन चालू होईलही, पण दुसऱ्याचं नाव घेऊन. म्हणून स्वतःच्या बिघडलेल्या डंपची आधी दोन ठिकाणी कॉपी ठेवा, तो बिघडलेला असला तरी सोनं आहे.

मी तो डंप हेक्स एडिटरमधे, म्हणजे फाईलमधले बाईट आकड्यांत दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमधे, उघडला. पहिली ओळ सगळी एफएफ, आणि दुसऱ्या ओळीच्या सुरुवातीला ५ए ए५ एफ० ०एफ, म्हणजे डिस्क्रिप्टर जागेवर आहे. खाली सरकत गेलो, बायोसच्या भागात आकडे गच्च भरलेले, आणि मग एका ठिकाणी एकदम तुटलं, तिथनं पुढं पानंच्या पानं एफएफ. लाईट गेली ती नेमकी ही जागा, स्क्रीनवर बोट ठेवून मामांना दाखवली. त्यांना बाकी काही कळलं नाही पण हे बरोबर कळलं, म्हणाले, "म्हंजे एवढंच भरायचं राहिलंय व्हय."

एवढंच भरायचं होतं. कंपनीच्या साईटवरनं तीच आवृत्ती घेतली जी तो माणूस लिहीत होता, ती एक्झी फाईल असते, आतनं मूळ इमेज काढावी लागते, यूईएफआय टूल नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे त्यात ती उघडून भाग वेगळे दिसतात. रिकामा झालेला भाग तेवढा त्यातनं घेऊन माझ्या डंपमधे त्याच जागी बसवला, सिरियल नंबर आणि मॅक ॲड्रेसचा भाग आपलाच ठेवला, फाईलचा साईज बाईटला बाईट जुळला की नाही ते बघितलं. या कामाला वेळ लागतो, घाई करायची नाही, भाग एका बाईटनं जरी सरकला तरी परत काळी स्क्रीन. लिहायला मात्र फार वेळ लागत नाही, चहा होईस्तोवर लिहून तपासूनसुद्धा झालं.

चिप परत बसवून पॉवर दिली तर आधी पंखा जोरात, मग स्वतःच बंद, मग परत चालू. इथं घाबरून वायर ओढू नका, पहिल्यांदा रॅम नव्यानं तपासली जाते, वेळ लागतो. मग लोगो आला. तारीख-वेळ गेलेली असते ती टाका, आणि विंडोज चालू व्हायच्या आधी साटाचा (हार्ड डिस्कच्या जोडणीचा) मोड बघा, आधी रेड असेल आणि आता एएचसीआय झाला असेल किंवा उलटं, तर निळी स्क्रीन येते आणि लोकांना वाटतं विंडोजपण गेलं. लेगसी आणि यूईएफआय या बूट व्हायच्या दोन पद्धतींचंपण तसंच. आमच्याकडं सिरियल पोर्ट बंद झालेला होता, तो चालू करून कॉम १ ला ठेवला आणि सीएनसीला प्रोग्रॅम पाठवला, आख्खा गेला, कुठं तुटला नाही. मामांनी मशीनवर जॉब चढवला आणि शॉपमधल्या पोरांना मिसळ सांगितली.

एक सूचना लॅपटॉपवाल्यांना. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला कुलूप लावणारं सॉफ्टवेअर) चालू असेल तर बायोसमधे असा बदल झाल्यावर ४८ आकडी रिकव्हरी की मागू शकतो, ती बहुतेक मायक्रोसॉफ्टच्या अकाउंटला सापडते, काम सुरू करायच्या आधी लिहून ठेवा.

यंत्राला दहापैकी सात. व्होल्टेजची खोट नसती तर नऊ दिले असते, कारण एवढ्या पैशात एवढं काम करणारी दुसरी वस्तू माझ्या बघण्यात नाही. ज्यांना मल्टीमीटर धरता येत नाही आणि डंप, हेक्स हे शब्द ऐकूनच कंटाळा येतो त्यांनी घेऊ नका, त्यांनी चिपलेव्हल काम करणारा माणूस शोधा आणि त्याला दोनच गोष्टी विचारा, लिहायच्या आधी जुना डंप काढून देणार का, आणि माझा सिरियल नंबर तोच राहणार का. ज्याला हे दोन्ही प्रश्न कळले त्याच्याकडं बिनधास्त मशीन ठेवा. आमचा प्रोग्रॅमर आता उद्यमनगरातच असतो, मामांच्या ड्रॉवरमधे, आणि त्याच्याबरोबर डंपचा पेन ड्राईव्ह. यूपीएसला नवीन बॅटरीपण बसवून घेतलीय.