संध्याकाळी इंजेक्शन, सकाळी पिल्लं

मागच्या आठवड्यात पुतण्याने मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवला. नाव नवीन, पण निळा टब तोच आणि आवाजही तोच: "देशी मांगूरची हॅचरी टाका, घरबसल्या बीज काढा." मांगूर म्हणजे मिशावाला मासा आणि बीज म्हणजे त्याची पिल्लं. त्या आवाजाला मी १ लाख ८५ हजार मोजलेत, म्हणून हे लिहायला बसलो.

माझं शेत पारोळा तालुक्यात. कापसाच्या जोडीला शेततळं, त्यात चार वर्षं रोहू-कटला. हार्मोन देऊन माशांची वीण करतात हे मला ठाऊक होतं. १९५७ साली हिरालाल चौधरी या शास्त्रज्ञांनी माशाच्या मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीच्या अर्काने रोहूसारख्या कार्प माशांना अंडी घालायला लावली, त्यातूनच आज आपल्याला बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं मिळतात. रोहूला संध्याकाळी टोचलं, नर-मादी हाप्यात (पाण्यात बांधलेल्या कापडी टाकीत) सोडले की पहाटेपर्यंत अंडी. माझं हे अर्धं ज्ञानच त्या माणसाच्या कामी आलं. सगळंच खोटं असतं तर मी फसलो नसतो.

"नाना, देशी मांगूर संपत चाललाय. पैसा तर मिळेलच, पुण्यही लागेल." मासा खरंच धोक्यात आहे, त्यामुळे बोलणं पटलं. त्याने मला शेडवर मुक्कामाला बोलावलं. सहा वाजता माझ्यासमोर चार जोड्यांना पाठीच्या मांसात इंजेक्शन दिलं आणि टब ताडपत्रीने झाकला. सकाळी नऊला ताडपत्री काढली तर आत काळी, मिशावाली, बेडकाच्या पिल्लांसारखी हजारो पिल्लं वळवळत होती. मी तिथेच आगाऊ रक्कम दिली.

माशांच्या १५ जोड्या, औषधाच्या बाटल्या, पाण्यात हवा सोडणारा एरेटर आणि तयार बीज परत विकत घ्यायची हमी असं पॅकेज होतं. जुलैत पहिला चांगला पाऊस झाल्यावर टोचलं. दुसऱ्या दिवशी तळाला थोडी अंडी, तीही पांढरी पडून वास मारणारी. फोन केला तर म्हणे डोस कमी पडला, अजून दोन बाटल्या घ्या. घेतल्या. (हे लिहिताना अजून लाज वाटते.) तिसऱ्या खेपेला फोनच बंद.

गावातले एक भोईआबा सहज टाकीपाशी आले. एक मासा उचलून म्हणाले, "हाऊ आपला मांगूर नई शे." म्हणजे हा आपला मांगूर नाही. मी हसण्यावारी नेलं, पण मनात किडा शिरला. एकेक मासा किलोच्या वर होता. आपला देशी मांगूर वर्षभरात जेमतेम शे-दीडशे ग्रॅम भरतो.

मत्स्यव्यवसाय विभागातल्या साहेबांनी डोक्याच्या मागच्या हाडावरून बोट फिरवायला लावलं. देशीचं हाड मागे इंग्रजी व्ही अक्षरासारखं निमुळतं, याचं डब्ल्यूसारखं. म्हणजे हा थाई मांगूर, मूळचा आफ्रिकेतला. केंद्राने २००० सालीच याच्यावर बंदी घातली आहे, कारण नदीत सुटला तर आपले मासे खाऊन टाकतो.

मग त्यांनी शेडवरचा हिशेब मांडला. मांगूर सहसा रोहूसारखा आपोआप अंडी सोडत नाही. इंजेक्शननंतर साधारण १५-१६ तासांनी मादीचं पोट हलक्या हाताने दाबून अंडी काढतात. नराचं वीर्य दाबून निघत नाही, म्हणून नर कापून वृषण काढायचे, मिठाच्या पाण्यात कुटून अंड्यांवर टाकायचे. पुढे अंडी फुटायला आणखी एक दिवस. पिल्लं निघाली तरी पोटाला पिवळी पिशवी घेऊन तीन-चार दिवस बहुतेक तळालाच पडून राहतात. आणि मी पंधरा तासांत पोहणारी पिल्लं पाहून आलो होतो! एकही नर कापलेला नव्हता. ताडपत्रीखाली रात्री कुणीतरी बादली ओतली होती, एवढंच.

मासे ओढ्यात सोडून मोकळं व्हावं असं एकदा मनात आलं होतं. साहेबांनी दम दिला. खड्डा खणून चुना टाकून सगळे पुरले. बायको बांधावर उभी होती, काही बोलली नाही.

पोलिसांत अर्ज दिलाय. ठाण्यात पहिला प्रश्न बिलावरच आला, कारण त्यावर मांगूरही नाही, हार्मोनही नाही. पूर्ण रकमेपुढे एकच शब्द आहे: मत्स्यखाद्य.