शाहिराचा डफ की प्रचाराचा डीजे?

२०२४ च्या विधानसभेला आमच्या गल्लीत रोज संध्याकाळी टेम्पो यायचा, मागे स्पीकरची भिंत, खिडकीच्या काचा थरथरायच्या, आणि गाणं काय तर उमेदवाराचं नाव, चिन्ह, परत नाव. चाल हिट गाण्याची असल्याने पोरं नाचायची ते ठीक आहे, पण टेम्पो वळला की डोक्यात फक्त नाव उरायचं, पाण्याचं काय, नोकरीचं काय, एक ओळ नाही.

आता शाहीर अण्णाभाऊ साठेंची ‘माझी मैना गावाकडे राहिली’ ही गाजलेली लावणी घ्या. मुंबईत पोटासाठी आलेला माणूस गावाकडे राहिलेल्या बायकोची आठवण काढतो, तिचं रूप सांगतो, आणि ऐकता ऐकता कळतं की ही ताटातूट महाराष्ट्राबाहेर राहिलेल्या बेळगाव, कारवारचीपण आहे. संयुक्त महाराष्ट्राचा अख्खा प्रश्न एका घरातल्या दुःखात बसवलाय हो! अण्णाभाऊ, अमर शेख, गवाणकर या शाहिरांनी १९४४ ला लाल बावटा कलापथक काढलं, आणि कामगार वस्तीत डफ-तुणतुण्यावर, खड्या आवाजात हे पोचवलं.

तेही प्रचारकीच होतं हे मान्य, बाजू घेऊनच गायचे ते. पण लोकांची बाजू घ्यायचे, आणि समोरच्याला अक्कल आहे हे धरून लिहायचे.

डीजेचा एक फायदा मात्र खरा, रील बनून गाणं तासाभरात गावोगाव पोचतं. म्हणून मला वाटतं आजच्या रॅपवाल्या पोरांनी ती मैना नीट ऐकावी, बीट त्यांचाच ठेवावा, फक्त गाण्यात एक माणूस आणावा. मी तर कायम डफाकडेच.