पोहून आल्यावर बूट चढवायचे तर इलास्टिक लेसच

५०० मीटर पोहणं आणि लगेच ५ किलोमीटर धाव. अशा छोट्या अ‍ॅक्वाथलॉनची तयारी करताना जळगाव-धुळ्याकडची नवी मंडळी आधी गॉगल घेतात, मग भारीतले बूट बघतात. लेसकडे कुणाचं लक्ष जात नाही. आमच्या मते सगळ्यात आधी घ्यायची वस्तू तीच, आणि ती शंभर ते तीनशे रुपयांत येते.

साधा हिशेब करा. ओल्या हातांनी दोन्ही बुटांच्या लेस बांधायला अर्धा मिनिट सहज जातो. इलास्टिक, म्हणजे ताणली जाणारी आणि दर वेळी बांधावी न लागणारी लेस असेल तर दोन्ही बूट आठ-दहा सेकंदांत पायात. वाचले वीस सेकंद, म्हणजे ५ किलोमीटरच्या धावेत दर किलोमीटरला चार सेकंद. सरावाने तेवढा वेग वाढवायचा म्हटलं तर कित्येक आठवडे घाम गाळावा लागतो.

शिवाय लेस बांधायला खाली वाकावं लागतं, तेही नेमकं नको त्या वेळी. आडवं पोहणारं शरीर एकदम उभं राहतं, रक्त पायांकडे उतरतं, त्यात वाकून पुन्हा वर उठलं की गरगरू शकतं. धुळ्याकडे डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा पारा १० अंशांच्याही खाली जातो. तलावातून वर आलेल्याची बोटं तेव्हा इतकी बधिर असतात की साधी सुरगाठ बसत नाही.

बाजारात तीन प्रकार मिळतात. पहिला गोल दोरीचा, बटण दाबून सरकवायच्या स्प्रिंग लॉकचा. हा सगळीकडे मिळतो आणि बसवायला सोपा आहे. दुसरा चपटा, टोकांना धातूची फिरकी असलेला. दिसायला सुबक, पण फिरकी ढिली होते आणि लेस एकदा आखूड कापली गेली की वाया. शर्यतीसाठी हा घेऊ नका. तिसरा गाठीगाठीचा. दोरी ताणली की गाठी बारीक होऊन भोकातून जातात, सोडली की फुगून तिथेच अडकतात. लॉक नाही, त्यामुळे गंजायला काही नाही. प्रत्येक भोकाचा ताण वेगळा ठेवता येतो, चवड्याकडे सैल आणि घोट्याकडे घट्ट. बसवायला मात्र पंधरा-वीस मिनिटं खातो, आणि भोकांऐवजी कापडी फास असलेल्या बुटांत गाठी अडकून फास उसवतात. ही अडचण नसेल तर आमची पसंती तिसऱ्यालाच. पहिल्यांदाच उतरणाऱ्याने पहिला घ्यावा.

कुठलाही घेतला तरी खरं काम ताण बसवण्याचं आहे, आणि बहुतेकांचं चुकतं ते इथेच. शर्यतीत मोजे घालणार नसाल तर ताणही मोज्याशिवाय बसवा. मोज्यावर बसवलेली लेस अनवाणी पायाला सैल पडते आणि पहिल्या वळणालाच टाच वर येते. सकाळी घाईत बसवू नका. उन्हाळ्यात धावून पाय थोडे फुगतात, म्हणून संध्याकाळी दोन-तीन किलोमीटर धावून आल्यावर बसवा. पाय आत घाला, टाच मागे टेकवा, खालच्या भोकांपासून वर सैल पडलेली दोरी ओढत या. लेसखाली एक बोट सरकलं पाहिजे, दोन जाता कामा नयेत. मग पाय बादलीत बुडवून ओल्यानेच घालून बघा. जीभ धरून आणि टाचेमागची पट्टी ओढून पाय एका दमात आत गेला, उड्या मारल्यावर टाच हलली नाही, तर ताण बरोबर. पावलाचा वरचा भाग बधिर होत असेल तर वरच्या दोन भोकांत ढील द्या, खालच्या भोकांना हात लावू नका.

स्प्रिंग लॉकवर विसंबू नका. आपल्याकडची काळी माती वाळली की तिची भुकटी होते, ती बटणाच्या खाचेत बसते आणि ओली झाली की लेप धरते. मग आतले दाते दोरीला नीट चावत नाहीत. बाहेरून लॉक बंद दिसतं, पण दोरी हळूहळू सरकत असते. उपाय सोपा आहे. ताण ठरला की लॉकच्या लगेच पुढे दोन्ही दोऱ्यांची मिळून एक घट्ट गाठ मारा. लॉक सुटलं तरी गाठ अडवते. चार-पाच सेंटिमीटर टोक ठेवून बाकीची दोरी कापा आणि कापलेल्या टोकाला काडीची आच क्षणभर दाखवा. वरचं पॉलिएस्टर वितळून टोक बंद होतं. जास्त धरलंत तर आतलं रबर जळेल.

रबराला दोन गोष्टी खातात. एक म्हणजे ऊन. जळगाव-भुसावळच्या मे महिन्यात, ४४-४५ अंशांत, बूट गच्चीवर वाळत टाकले की लेस लवकर म्हातारी होते. सावलीत वाळवा, गाडीच्या डिकीत ठेवू नका. दुसरी म्हणजे पेट्रोलियम जेली. मोज्यांशिवाय धावताना टाच सोलू नये म्हणून ती बुटाच्या आत, टाचेच्या कडेला लावतात. ते बरोबरच आहे, पण तीच बोटं लेसला लागली की नैसर्गिक रबर सैल पडतं. जेली आदल्या रात्री लावून हात साबणाने धुवा. सकाळी बुटात फक्त टाल्कम पावडर टाका, ओला पाय सहज सरकतो. तलावात पोहल्यावर लेस साध्या पाण्यात खळबळून काढा. क्लोरीनच्या पाण्याने लॉकची स्प्रिंग गंजते, त्यामुळे स्विमिंग पूलमध्ये पोहणाऱ्यांनीही हे करावं. ताणून सोडल्यावर दोरी पूर्ण आखडत नसेल, वरच्या विणीला सुरकुत्या दिसत असतील, तर नवी घ्या.

ही लेस प्रत्येक धावेसाठी नाही. जळगावच्या मेहरूण तलावाकाठच्या सपाट धावेला उत्तम. तोरणमाळच्या घाटात किंवा लळिंगच्या डोंगरउतारावर पाय पुढे सरकतो, बोटं बुटाच्या टोकाला आदळतात आणि नखं काळी पडतात. तिथे साधी लेस वरच्या भोकापर्यंत आवळून बांधलेलीच हवी. स्वीडनमध्ये २००६ साली सुरू झालेल्या स्विमरन प्रकारात तर आलटून पालटून पोहणं आणि धावणं असतं, त्यामुळे बूट घालूनच पोहतात. तिथे मुद्दा बूट चढवण्याचा नसून पाणी भरल्यावरही ते पायात टिकण्याचा असतो, म्हणून लेस जरा घट्ट ठेवावी लागते.

आणखी एक, लेसपेक्षा पायांशी जास्त संबंध असलेलं. मेहरूणची बोरं प्रसिद्ध, आणि बोरीचे काटेही तसेच. पाण्यातून बुटांपर्यंतची वाट आदल्या दिवशी अनवाणी सावकाश चालून बघा, काटे आणि गोखरू वेचून टाका. बुटांशेजारी जुना टॉवेल अंथरा, त्यावर दोनदा पाय आपटले की चिखल निघतो. तळव्याला चिकटलेली ओली काळी माती तशीच बुटात गेली तर दुसऱ्या किलोमीटरला फोड येतो, मग लेस कितीही चांगली असो.